जंत आहे, की होऊन गेला?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील काही शिक्षकांशी परजीवी रोगांविषयी बोलण्याचा योग आम्हांला आला होता. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी एक तरुण शिक्षक बाजूला आले आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. एका खाजगी प्रयोगशाळेचा तो अहवाल होता. पायाला सूज आली म्हणून त्यांनी रक्त तपासून घेतले होते. सूज चार दिवसांत ओसरली. ठेच लागून जखम चिघळली होती, इतकेच. पण अहवालावर लिहिले होते : 'फायलेरिया प्रतिपिंड – पॉझिटिव्ह'. घरात त्यांच्या लग्नाची बोलणी चालू होती. कागद कोणी तरी पाहिला, बातमी पलीकडच्या घरी गेली आणि बोलणी थांबली. 'सर, मला हत्तीरोग आहे का?' असा त्यांचा साधा प्रश्न होता.

आम्ही त्यांना त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर दिले. ते उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. रक्तात प्रतिपिंड सापडले म्हणजे रोग आहे की नाही, हा प्रश्न वैज्ञानिकांनी जवळजवळ शंभर वर्षे घोळवला आहे, आणि त्याचा काही भाग आपल्या महाराष्ट्रात, मुंबईत आणि सेवाग्रामला, सोडवला गेला आहे. ती हकीगत सांगितल्याशिवाय त्या कागदाचा अर्थ लागत नाही.

हत्तीरोग डहाणू-तलासरीला परका नाही. महाराष्ट्रातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत ठाणे जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हा पालघरचे नावही त्या यादीत आले. उत्तरेला लागून गुजरातचा किनारा आहे आणि त्या पट्ट्यातील सुरत शहर हत्तीरोगासाठी पूर्वीपासून कुप्रसिद्ध आहे. माणसे कामासाठी इकडून तिकडे जातात, तिकडून इकडे येतात. डास आणि परजीवी राज्याची सीमा पाहत नाहीत. तरीही इथल्या लोकांना अधिक परिचयाचा रोग म्हणजे हिवताप. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेणे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. हत्तीरोगाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सर्वांना विचित्र वाटते. आरोग्य कर्मचारी रक्त घ्यायला येतात ते रात्री, साडेआठ-नऊनंतर, लोक निजायच्या बेतात असताना.

यामागचे कारण एकोणिसाव्या शतकात सापडले. १८७२ साली कलकत्त्यात टिमथी ल्युइस या सैनिकी डॉक्टरला माणसाच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जंतू दिसले. ते पूर्ण वाढलेले जंत नव्हते, त्यांची पिले होती. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. एका पिलाची लांबी पाव मिलिमीटरच्या थोडी वर असते. पुढे चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरने आपल्या माळ्याला रात्री डासांकडून चाववून घ्यायला लावले. त्या माळ्याच्या रक्तात ही पिले होती. रक्त पिऊन टम्म झालेले डास कापून पाहता पिले डासाच्या पोटात वाढू लागलेली दिसली. हे १८७७ साल. कीटकाच्या शरीरात माणसाचा परजीवी वाढतो हे प्रथमच कळले. रॉनल्ड रॉसचा हिवतापाचा शोध याच वाटेने वीस वर्षांनी आला. मॅन्सनने आणखी एक गोष्ट पाहिली : ही पिले रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात आणि दिवसा फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत दडून बसतात. त्यांना वाहून नेणारा क्यूलेक्स डास रात्री चावतो, त्याच्या वेळेशी त्यांनी आपली वेळ जुळवून घेतली आहे. मॅन्सन एका बाबतीत चुकला. त्याला वाटले, डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन रोग होतो. १९०० साली जॉर्ज लो याने डासाच्या सोंडेत अळ्या दाखवल्या, तेव्हा ही चूक दुरुस्त झाली.

पूर्ण वाढलेले जंत, म्हणजे वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी, राहतात आपल्या लसीकावाहिन्यांत. मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब, शिवणाच्या दोऱ्यासारखी; नर तिच्या निम्म्याहून लहान. ते पाच ते आठ वर्षे जगतात आणि मादी रोज हजारो पिले सोडते. गंमत अशी, की ज्याच्या रक्तात पिले भरपूर आहेत तो माणूस बहुधा धडधाकट दिसतो. आणि ज्याचा पाय हत्तीसारखा झाला आहे किंवा अंडवृद्धी झाली आहे, त्याच्या रक्तात पुष्कळदा एकही पिलू नसते. जंत मरून गेलेले असतात, मागे राहते ती खराब झालेली वाहिनी. डोळ्यांना दिसणारा रोगी रोग पसरवत नाही आणि रोग पसरवणारा डोळ्यांना दिसत नाही. हा सगळा पेच इथून सुरू होतो.

रात्रीच्या रक्तपट्टीला आणखी एक मर्यादा आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ती गणिताने दाखवता येते. पट्टीवर साधारण २० घन मिलिमीटर रक्त घेतात. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. म्हणजे आपण अडीच लाखांतील एक भाग पाहतो. समजा, एखाद्याच्या रक्तात एकूण १ लाख पिले सारख्या प्रमाणात पसरलेली आहेत. मग एका पट्टीवर सरासरी ०.४ पिलू येईल. संभाव्यतेच्या नियमाने, अशा माणसाच्या पट्टीवर एकही पिलू न दिसण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के निघते. अंगात लाखभर पिले घेऊन फिरणारा माणूस तीनपैकी दोन वेळा 'निर्दोष' ठरेल. शिवाय डास चावल्यापासून पिले रक्तात येईपर्यंत अनेक महिने जातात, त्या काळात तर पट्टी काहीच सांगत नाही.

तेव्हा जंत शोधण्याऐवजी जंताच्या पाऊलखुणा शोधाव्यात, ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते. शरीरात परका पदार्थ शिरला, की त्याच्याशी नेमके जुळणारे प्रथिन शरीर बनवते. परका पदार्थ म्हणजे प्रतिजन आणि ते प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. विषमज्वरासाठी १८९६ पासून चालत आलेली विडाल परीक्षा याच तत्त्वावर आहे, आणि ती कोणी ना कोणी केली नाही असे घर आपल्याकडे विरळा.

जंतांच्या बाबतीत हे काम करणाऱ्यांपैकी एक आरंभीचा माणूस मुंबईत होता. नील हॅमिल्टन फेअर्ली हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर. पहिल्या महायुद्धात इजिप्तमध्ये सैनिकांना बिल्हार्झिया झाला होता. त्याची रक्तपरीक्षा त्याने १९१९ साली बसवली. प्रतिजन म्हणून लागणारा जंत माणसाच्या शरीरातून काढणे शक्य नव्हते, म्हणून त्याने त्या जंताच्या अळ्या ज्यांच्यात वाढतात त्या गोगलगायींच्या यकृताचा अर्क वापरला. १९२२ मध्ये तो मुंबईला आला आणि परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणतात तेथे त्याने काम केले. तेथे ग्लेन लिस्टन यांच्याबरोबर त्याने नारूचा अभ्यास केला. आपल्या विहिरींतील आणि पायऱ्यांच्या बारवांतील तो नारू, ज्याचे आज आपल्या देशातून उच्चाटन झाले आहे. मुंबईतच फेअर्लीला संग्रहणीने गाठले आणि १९२५ साली तो इंग्लंडला परतला. पुढे १९३१ मध्ये त्याने हत्तीरोगाच्या रक्तपरीक्षेवर आणि त्वचापरीक्षेवर निबंध लिहिला. त्यासाठी त्याने कुत्र्याच्या हृदयात राहणाऱ्या जंताचा अर्क वापरला. कारण तेच! माणसाचा जंत मिळणार कोठून? तो प्रयोगशाळेतील उंदीर-सशांत वाढत नाही.

कुत्र्याच्या जंताला माणसाच्या रक्तातील प्रतिपिंड चिकटत होते हे खरे. पण ते ज्यांना हत्तीरोग आहे त्यांचे चिकटत, होऊन गेला आहे त्यांचेही चिकटत, आणि ज्यांच्या पोटात साधे जंत आहेत त्यांतील काहींचेही चिकटत. सगळ्या गोल जंतांच्या अंगातील प्रथिनांत बरेच साम्य असते. रोगग्रस्त गावात ही परीक्षा केली, तर निम्मे गाव 'दोषी' निघे. परीक्षा फार संवेदनशील होती आणि त्याच मानाने निरुपयोगी. एखाद्या शाळेची घंटा मिनिटामिनिटाला वाजू लागली तर तास संपला की नाही हे तिच्यावरून कळणार नाही, तसे हे झाले.

इथे एक मूलभूत अडचण लक्षात घेतली पाहिजे. शरीरातील प्रतिपिंडाचा एक रेणू फार काळ टिकत नाही. रक्तातील मुख्य प्रतिपिंड आयजीजी, त्याचे अर्धे प्रमाण सुमारे तीन आठवड्यांत नष्ट होते. मग शत्रू गेल्यावर वर्षानुवर्षे प्रतिपिंड का सापडतात? कारण ते बनवणाऱ्या काही पेशी अस्थिमज्जेत दीर्घकाळ तग धरतात आणि काम चालू ठेवतात. लसीकरणाचा सारा फायदा या स्मरणशक्तीवर उभा आहे. पण लसीला जे वरदान, तेच निदानाला विघ्न. आपल्याला हवी आहे आजची बातमी आणि रक्त सांगते ते मागचे-पुढचे सगळे एकत्र.

१९७० च्या दशकात ही अडचण सेवाग्रामच्या एका जीवरसायनशास्त्रज्ञाने हाती घेतली. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले. गावात राहून डॉक्टर घडवायचे ही त्यामागची कल्पना. वर्धा जिल्ह्यात हत्तीरोग होताच. तेथील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांचे सहकारी यांनी प्रश्न थोडा वेगळा विचारला. सबंध जंत दळून त्याचा अर्क घेतला, तर त्यात सगळ्या जंतांना समान असलेली शेकडो प्रथिने येतात. त्याऐवजी जिवंत जंत स्वतःच्या अंगातून जे बाहेर टाकतो, तेवढेच घेतले तर? मेलेला जंत काही स्रवत नाही. स्रावाविरुद्धचे प्रतिपिंड रक्तात जोमाने सापडत असतील, तर स्रवणारा जंत जवळपास असला पाहिजे, असा तर्क.

तर्क सोपा, काम कष्टाचे. रात्री खेड्यांत जाऊन पिले बाळगणारे लोक शोधायचे, त्यांच्या संमतीने रक्त घ्यायचे, त्यातून पिले गाळून वेगळी करायची आणि पोषक द्रवात जिवंत ठेवायची. त्यांनी द्रवात सोडलेली प्रथिने म्हणजे हवा असलेला प्रतिजन. तो किती अल्प मिळत असेल याची कल्पना ज्याने मायक्रोग्रॅममध्ये प्रथिन मोजले आहे त्यालाच येईल. पुढे याला पूरक म्हणून ब्रुगिया मलायी या जंताचा उपयोग झाला. हा जंत केरळच्या काही भागांत हत्तीरोग घडवतो आणि तो प्रयोगशाळेतील प्राण्यांत वाढवता येतो.

प्रतिपिंड मोजण्याची पद्धतही आपल्या परिस्थितीला साजेशी लागणार होती. १९७१ मध्ये स्वीडनच्या एंगव्हाल आणि पेर्लमान यांनी एलायझा ही पद्धत प्रसिद्ध केली होती. प्लॅस्टिकच्या छोट्या खळग्यात प्रतिजन चिकटवायचा, त्यावर रोग्याचा रक्तरस घालायचा, न चिकटलेले धुऊन टाकायचे. मग चिकटलेल्या मानवी प्रतिपिंडाला पकडणारे दुसरे प्रतिपिंड घालायचे, ज्याच्या शेपटाला एक एंझाइम बांधलेले असते. एंझाइमाने रंग बदलला, की प्रतिपिंड होते असे समजायचे. सेवाग्रामच्या मंडळींनी एंझाइम म्हणून पेनिसिलिनेज वापरले. त्याची गंमत शिक्षकांना आवडेल. स्टार्च आणि आयोडिन यांचा निळा रंग आपण सातवी-आठवीत बटाट्यावर दाखवतो ना? तोच निळा द्राव, त्यात पेनिसिलिन मिसळलेले. पेनिसिलिनेज असेल तर ते पेनिसिलिनाचे रेणू तोडते, त्या तुटलेल्या रेणूंची आयोडिनाशी क्रिया होते आणि निळा रंग जातो. म्हणजे रंग उडाला की परीक्षा होकारार्थी! परदेशी यंत्रावाचून डोळ्यांनी निकाल वाचता येतो. ज्या प्रयोगशाळेत आज स्वयंचलित यंत्रे आहेत तेथे या युक्तीचे महत्त्व कळणार नाही. परदेशी रसायनाची बाटली येईपर्यंत सहा सहा महिने वाट पाहिलेल्यांना ते कळते.

या कामातून हत्तीरोगाच्या निदानासाठी परीक्षासंच तयार झाले आणि सेवाग्रामला जमनालाल बजाज यांच्या नावाचे उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्र उभे राहिले. जंताच्या स्रावाविरुद्धचे प्रतिपिंड सबंध अर्काविरुद्धच्या प्रतिपिंडांपेक्षा चालू संसर्गाचे अधिक चांगले निदर्शक होते. घंटा आता मिनिटामिनिटाला वाजत नव्हती. पण ती अजूनही मधूनच भलत्या वेळी वाजे.

पुढचा धागा मद्रासमध्ये (आजच्या चेन्नईत) मिळाला. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे एरिक ओटेसन आणि मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रातील भारतीय संशोधक यांना एक कोडे पडले होते. ज्याच्या अंगात लाखो पिले फिरत आहेत त्याला अ‍ॅलर्जी का होत नाही? जंतांविरुद्ध शरीर आयजीई नावाचे प्रतिपिंड भरपूर बनवते आणि आयजीई तर अ‍ॅलर्जीचे मूळ. अंगावर पित्त उठायला हवे, दमा लागायला हवा. बहुतेकांना काहीच होत नाही. १९८१ साली त्यांनी दाखवले, की अशा लोकांच्या रक्तात अ‍ॅलर्जी अडवणारे दुसरे प्रतिपिंड असतात. १९८५ मध्ये ते कोणते हेही समजले. आयजीजीचे चार उपप्रकार आहेत. त्यांतील चौथा, आयजीजी-४, निरोगी माणसाच्या एकूण आयजीजीत पाच टक्क्यांच्या आतबाहेर असतो. हत्तीरोगाच्या जंताविरुद्धच्या आयजीजीत मात्र तोच सर्वांत ठळक निघाला. या कामात राबिया हुसेन यांचाही वाटा होता; त्या पुढे कराचीच्या आगाखान विद्यापीठात नामवंत प्रतिकारशास्त्रज्ञ झाल्या.

आयजीजी-४ हा मोठा सौम्य प्रतिपिंड आहे. बाकीचे प्रतिपिंड दोन्ही हातांनी शत्रूचे रेणू पकडून त्यांची जाळी विणतात आणि दाह सुरू करतात. आयजीजी-४ आपला अर्धा भाग दुसऱ्या आयजीजी-४ च्या अर्ध्या भागाशी बदलून घेतो, हे २००७ मध्ये सिद्ध झाले. त्यामुळे त्याचे दोन हात दोन वेगळ्या गोष्टी पकडणारे होतात आणि जाळी विणली जात नाही. तो आयजीईच्या आधी प्रतिजनाला जाऊन चिकटतो आणि भांडण होऊ देत नाही. शरीराने जणू त्या पाहुण्याबरोबर वर्षानुवर्षे राहण्याचा करार केलेला असतो. (असा 'करार' मधमाश्या पाळणाऱ्यांच्या रक्तातही दिसतो, वारंवार डंख सोसून त्यांच्यात मधमाशीच्या विषाविरुद्ध आयजीजी-४ वाढतो.)

आता निदानाच्या दृष्टीने याचा अर्थ पाहा. आयजीजी-४ तयार व्हायला प्रतिजन दीर्घकाळ आणि सतत मिळत राहावा लागतो. म्हणजे तो जिवंत, तगलेल्या जंताची खूण असू शकतो. १९९० साली क्वान-लिम, फोर्सिथ आणि मायझेल्स यांनी नेमके हेच मांडले : जंताविरुद्धचा आयजीजी-४ चालू संसर्गाशी जुळतो. ज्यांच्या रक्तात पिले आहेत त्यांच्यात तो उंच. ज्यांचे पाय सुजून कायमचे जाड झाले आहेत त्यांच्यात इतर आयजीजी जास्त आणि हा त्या मानाने कमी. शिवाय पोटातल्या साध्या जंतांशी होणारा गोंधळही आयजीजी-४ मोजल्यावर बराच घटला. उपचारानंतर तो उतरतो, हेही पुढे दिसले.

इथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते, कारण या 'उतरतो' शब्दात सगळी मेख आहे. तो उतरतो, पण सावकाश. महिने लागतात, काहींच्यात वर्षे. संशोधकाला गावातील दोनशे लोकांची सरासरी खाली आलेली दिसली, की तो समाधानी होतो. दारात उभ्या असलेल्या एका माणसाला मात्र सरासरी नको असते, त्याला स्वतःचे उत्तर हवे असते. समूहासाठी उत्तम असलेली परीक्षा व्यक्तीसाठी तितकी उत्तम असेलच असे नाही, आणि प्रयोगशाळांच्या छापील अहवालांत हा भेद पुसला जातो.

इतर रोगांतही हेच घडले आहे. बिहारातील काळा आजार या परजीवी रोगासाठी १९९३ पासून के-३९ प्रथिनावर आधारलेली प्रतिपिंड-परीक्षा उपलब्ध झाली. ती उत्तम आहे, पण रोगी बरा झाल्यावरही ती बराच काळ होकारार्थी राहते. म्हणून दोन आठवड्यांचा ताप आणि वाढलेली प्लीहा असेल तरच तिचा निकाल धरतात. क्षयरोगात तर प्रतिपिंड-परीक्षांनी इतका घोटाळा केला, की २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असे सांगितले आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी आणली. त्या परीक्षांवर विसंबून निरोगी माणसांनी महिनोन् महिने कडक औषधे घेतली होती आणि खरे रोगी निर्धास्त फिरत होते. आपल्या डहाणू-तलासरीत आशाताई हिवतापासाठी जी छोटी पट्टी वापरतात, ती मात्र या जातीची नव्हे. ती रोग्याचे प्रतिपिंड शोधत नाही, परजीवीचे प्रथिन शोधते.

हत्तीरोगाची परीक्षाही शेवटी त्याच दिशेने गेली. प्रतिपिंड मोजण्याऐवजी जंताने रक्तात सोडलेला प्रतिजनच पकडायचा. त्यासाठी कारखान्यात बनवलेला, एकाच साच्यातील प्रतिपिंड लागतो. तो बनवण्याची युक्ती १९७५ पासून हाती होती. १९९० साली ऑस्ट्रेलियात मोर आणि कोपमन यांनी अशी एक परीक्षा दिली. अमेरिकेतील गॅरी वाइल यांच्या प्रतिपिंडावर आधारलेली कार्डपरीक्षा १९९७ मध्ये आली आणि २०१३ मध्ये तिची सुधारलेली पट्टी. बोटातील रक्ताचा थेंब, दहा मिनिटे, आणि रात्रीची गरज नाही. मोठ्या जंताचा प्रतिजन रक्तात दिवसाही असतो.

प्रश्न सुटला असे वाटते ना? तसे झाले नाही. १९४७ साली लेडरली प्रयोगशाळेत, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली, डायएथिलकार्बामेझिन म्हणजे डीईसी हे औषध सापडले. भारताने १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांतील सर्वांनाच वर्षातून एकदा गोळ्या देण्याची मोहीम निघाली. २०१८ च्या अखेरीपासून काही जिल्ह्यांत डीईसी आणि अल्बेंडाझोल यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिनही देऊ लागले. महाराष्ट्रात नागपूर त्यात लवकर आले. या तीन औषधांनी रक्तातील पिले नाहीशी होतात आणि मादीचे प्रजनन थांबते. पण म्हातारा जंत आत जिवंत राहू शकतो आणि प्रतिजन सोडत राहतो. म्हणजे पट्टी होकारार्थी, पण तो माणूस डासाला काहीच देऊ शकत नाही! तेव्हा अशा जिल्ह्यांत पट्टी होकारार्थी आलेल्या मोठ्या माणसांचे रक्त काचपट्टीवर घेऊन पाहावे लागते. केव्हा? रात्री. मॅन्सनच्या वेळेप्रमाणे.

आणि प्रतिपिंड? ते पुन्हा आले आहेत, ते थेट शाळेत. गोळ्यांच्या मोहिमेच्या पुरेशा फेऱ्या झाल्यावर संसर्ग खरोखर थांबला का, हे पाहण्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी करतात. मुले शाळेत येत असतील तेथे पहिली-दुसरीचे वर्ग निवडतात. ही मुले मोहीम सुरू असताना जन्मलेली. त्यांच्यात जंत सापडला तर तो जुना असू शकत नाही. डास अजून रोग वाहत आहेत असे त्यातून सिद्ध होते. ही तपासणी प्रतिजनाच्या पट्टीने होते. पण प्रतिजन रक्तात यायला जंत मोठा व्हावा लागतो, आणि प्रतिपिंड त्याआधीच, अळी अंगात शिरल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत दिसू लागतात. २०१२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अळीच्या अवस्थेतील डब्ल्यूबी-१२३ या प्रथिनावर अशी परीक्षा बसवली. जगात ठिकठिकाणी लहान मुलांतील प्रतिपिंड पाहून रोग परतण्याची चाहूल घेण्याचे काम चालू आहे. प्रतिपिंड विसरत नाहीत, हा जो त्यांचा दोष आम्ही इतका वेळ सांगितला, तो सहा वर्षांच्या मुलात दोष राहत नाही. त्या मुलाला भूतकाळच सहा वर्षांचा आहे.

पहिलीच्या वर्गात बोट टोचून घ्यायला मुले रडतात, पालक शंका काढतात, आणि त्यांची समजूत घालण्याचे काम बाईंच्या आणि गुरुजींच्या गळ्यात पडते. 'माझे पोर ठणठणीत आहे, त्याचे रक्त कशाला?' या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. पोर ठणठणीत आहे म्हणूनच. त्याचे रक्त त्याच्यासाठी घेत नाहीत, पाड्यासाठी घेतात.

त्या तरुण शिक्षकांना आम्ही जे सांगितले ते असे : 'तुमच्या अहवालावरून इतकेच कळते की तुमच्या शरीराची या किंवा अशा जंताशी कधी तरी गाठ पडली आहे. जंत आज आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. प्रतिजनाची पट्टी करून घ्या, आणि रात्री दहानंतर रक्तपट्टी द्या.' त्यांनी दोन्ही केले. दोन्ही नकारार्थी आले. तसे कळवणाऱ्या पत्रात त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, पलीकडच्या घरच्या मंडळींनी नवे कागद पाहिले, पण जुन्या कागदावरचा 'पॉझिटिव्ह' हा शब्द त्यांच्या मनातून जात नाही. ती बोलणी पुन्हा सुरू झाली नाहीत. दोन, त्यांच्या आजीचा एक पाय जाड होता, ती त्यांच्याच घरात वीस वर्षे राहिली, आणि लहानपणी ते तिच्याजवळ झोपत, मच्छरदाणीशिवाय. तेव्हाच तर नसेल ना, असे त्यांनी विचारले होते.

आम्ही उत्तरात लिहिले, की आजीचा पाय जाड झाला तेव्हा तिच्यातले जंत बहुधा मेलेले होते. तिच्याकडून नसावे. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या धडधाकट माणसाकडून असू शकेल.